काटा

सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या गॅलरीत,
जिथे आधी वॉशिंग मशीन होतं
तिथे आता माझं मशीन आहे.
वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं. बादल्या कुठे गेल्या
ते अजून कुणी विचारलेलं नाही.

अंबडला एका कंपनीत मी तपासणीला आहे,
बावीस वर्षं.
घडवायचं दुसऱ्यांनी, मोजायचं मी.
हिरवं लेबल, लाल लेबल.
शिफ्ट सुटताना बोटांना कूलंटचा वास
आणि त्या बोटांनी केलेली वस्तू एकही नाही.

म्हणून लिंक रोडच्या भंगारातून रेल आणल्या.
अन्वरशेठने काट्यावर टाकल्या
दुधी भोपळ्यासारख्या, किलोने;
मी घरी नेल्या स्वेटरमध्ये गुंडाळून.
स्टेपर मोटरी पार्सलने आल्या, तीन.
चौथी मागाहून मागवली,
कारण वरचा पूल एका बाजूने ओढला
की दुसरी बाजू रेंगाळते,
सोमवारी शाळेत न्यायच्या पोरासारखी.

कर्ण मोजले.
एक सहाशे बेचाळीस, दुसरा सहाशे चव्वेचाळीस.
बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीने ठोकलं, आवळलं, मोजलं.
पुन्हा सैल केले.
हेमंत म्हणाला, दोन मिलिमीटरने काय होतं?
एकवीस वर्षं संसार केलाय या माणसाने माझ्याशी.

पहिल्या दिवशी कटरच्या जागी स्केचपेन बांधलं, सेलोटेपने.
म्हटलं, वर्तुळ काढ.
त्याने बटाटा काढला.
जिथे जिथे वळायचं
तिथे एक छोटी सपाट पायरी:
स्क्रू उलटा फिरू लागलेला,
टेबल अजून विचारात.
आमच्याकडे त्याला प्ले म्हणतात.
नटात कुठेतरी उरलेली मोकळी जागा,
सरळ जात असता कळतच नाही,
माघारी फिरलं की कळते.

डायल लावला. अठरा शतांश होईस्तोवर
काटा जागचा हलला नाही.

पर्समध्ये लाल लेबल असतंच.
बटाट्यावर चिकटवलं. तारीख, कारण, सही.
बनवणाऱ्याच्या रकान्यातही
माझंच नाव लिहिताना
पेन जरा थांबलं.

नट बदलला, स्प्रिंग घातली, अठराचे चार झाले.
चाराचे तीन होईनात.

मग एका रात्री खालच्या देवरेबाई वर आल्या,
साडेदहाला काय दळता हो, म्हणत.
गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या.
निळ्या दिव्याखाली मशीन स्वतःशीच मागे-पुढे करत होतं,
त्या बघत राहिल्या,
आणि भांडण विसरून म्हणाल्या,
सोऱ्याची चकती करेल का हे?
आमची तडकली. बाजारातल्या नवीला
काटाच येत नाही चकलीचा.

तीन मिलिमीटर पितळ. आठ टोकांचा तारा.
एक मिलिमीटरचे दोन कटर मोडले.
तिसऱ्याला पाचव्या टोकाशी वीज गेली,
आली तेव्हा मशीनला
आपण कुठे आहोत ते आठवत नव्हतं.
हळूहळू कोपऱ्याशी गेलं, स्विचला टेकलं,
जरा मागे सरकून पुन्हा टेकलं.
मी तोवर पितळेची कीस चिमटीत घेऊन
दिव्याला धरून बघत बसले.

दिवाळीच्या आधी ताटली वर आली, रुमालाखाली.
चकली उचलली, नखाने चाचपली.
सात काटे टोकदार,
आठवा थोडा बोथट,
आतल्या वेढ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत.
कुठल्या वळणावरचा, ते मला माहीत होतं.
देवरेबाई दारातच उभ्या होत्या,
काटा बघा, म्हणाल्या, काटा कसला आलाय!

सवयीने हात पर्सकडे गेला.
बोटं तेलकट होती.
परत काढला, दुसरी घेतली.